आधी जाहीरनामा की विश्वकोश?

साम्यवादासारख्या विचारसरणीची तोंडओळख मराठीतून करून घ्यायची तर दोन वाटा हाताशी आहेत. मार्क्स-एंगेल्सचा 1848 चा कम्युनिस्ट जाहीरनामा अनुवादात वाचायचा, किंवा मराठी विश्वकोशातल्या नोंदी. नोंदी मोबाइलवर फुकट मिळतात. शिवाय विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्या पिंपळनेरचे, त्यामुळे खान्देशातला वाचक आधी तिकडेच झुकतो.

विश्वकोशाचा पल्ला मोठा, प्रचारही नाही. एमपीएससीवाल्याला तोच सोयीचा. फक्त मूळ खंड अकारविल्हे निघालेत: पहिला 1976 साली, 'स'चे सोव्हिएत संघ कोसळल्यावर. नोंद कधीची आहे ते बघून वाचावं.

कटकट आहे ती बाणांची. 'समाजवाद' उघडला की मजकुरात बाण: ही नोंद पहा, ती पहा. चौथ्या बाणाला आपण कशासाठी आलो होतो तेच डोक्यातून जातं. बाण सोडून वाचलं तरी सूर इतका समतोल, की गिरणी कामगार यापायी संपावर का जात असेल ते उमगत नाही.

जाहीरनामा त्या मानाने छोटा, दोन बैठकींत संपतो. मात्र क्रम पाळावा. काही आवृत्त्यांत सुरुवातीलाच सात प्रस्तावना असतात. त्यातली 1872 चीच वाचावी. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटच्या मागण्या आज वेगळ्या शब्दांत मांडल्या असत्या, हे लेखकांनीच तिथे कबूल केलंय. मग पहिलं, दुसरं आणि चौथं प्रकरण. तिसरं सोडावं: त्यात 1847 पर्यंतच्या समाजवादी पंथांशी भांडण आहे, नवखे वाचक हमखास तिथेच पुस्तक मिटतात.

पहिल्या प्रकरणातली जागतिक बाजारपेठ कापूसवाल्याला समजावून सांगावी लागत नाही. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस अडला आणि खान्देशातल्या कापसाचा भाव चढला, मुद्दा तोच.

माझा कल, चुकत असेन कदाचित, जाहीरनाम्याकडे. नोंदी नंतर, अडलेल्या शब्दापुरत्या. जातीबद्दल मात्र जाहीरनाम्यात काही सापडणार नाही. मार्क्सला आपल्या मातीतून दिलेलं उत्तर हवं असेल, तर बाबासाहेबांचा बुद्ध आणि मार्क्स यांच्यावरचा अपुरा राहिलेला निबंध त्याला जोडून घ्यावा. शासनाने काढलेल्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या तिसऱ्या खंडात तो आहे.