४३ इंची टीव्ही, आठ महिने आणि रिमोटवरची चार बटणं

पॅनल, आवाज, फोर-के सगळ्यांना माहीत आहे, त्यात नाव ठेवायला जागा नाही. २०२४च्या दिवाळीत जेल रोडवरच्या दुकानातून २४,५०० ला आणला आणि पंधरा दिवसांत मी याला पाचपैकी साडेचार दिले. ते आज मागे घेतोय. कारण रिमोट.

या रिमोटवर आकडेच नाहीत. त्या जागी चार ॲपची चार ठसठशीत बटणं. आई ७४ वर्षांची, चॅनेलचे आकडे तिला तोंडपाठ. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून ती मालिकेला बसते, आवाज वाढवायला जाते आणि अंगठा नेमका खालच्या बटणावर पडतो. मालिका गायब, पडद्यावर पैसे भरायची सूचना. मग रामबागेतल्या घरून मला ऑफिसात फोन. शेवटी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून चारही बटणांवर चिकटपट्टीनं बसवला.

जानेवारीत सेटिंगमध्ये खूप आत एक पर्याय सापडला: टीव्ही लावला की थेट सेट-टॉप बॉक्स. मधे होम स्क्रीन नाही, जाहिरात नाही. आईचे फोन बंद झाले. मला इतका आनंद झाला की दोन शेजाऱ्यांना हाच सेट घ्यायला सांगितलं. त्याचं आता फार वाईट वाटतं, कारण मार्चच्या अपडेटनंतर तो पर्यायच उडाला.

तीन तक्रारी केल्या. तिसऱ्यांदा आलेला मुलगा म्हणाला, "सर, अपडेट ऊपर से आता है, हम वापस नहीं कर सकते." त्याची काही चूक नाही. त्यानं टीव्हीला जोडायची वेगळी स्टिक घ्यायला सुचवलं, चार हजारांची. जे काम टीव्ही आधी फुकट करत होता त्याला वर चार हजार? नाही घेतली.

बदलून टाकावा म्हणून पुन्हा जेल रोड गाठला. पाच कंपन्यांचे सेट लावून पाहिले. नावं निराळी, होम स्क्रीनची मांडणी तीच, रिमोट तसाच. खरी चुरस असती तर एकानं तरी आकड्यांचा रिमोट दिला असता.

असं का, याचा थोडा उलगडा एप्रिलमध्ये झाला. माझी तक्रार माझ्या सेटच्या कंपनीशी आहे, हे प्रकरण वेगळं. पण प्ले स्टोअर, म्हणजे गूगलचं ॲपचं दुकान, हवं तर गूगलची बाकीची ॲपही घ्यायची आणि टीव्ही चालवणाऱ्या गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीची स्वतःची आवृत्ती काढायची नाही, अशा गूगलच्या टीव्ही-निर्मात्यांवरच्या अटी भारतीय स्पर्धा आयोगापुढे होत्या. २१ एप्रिल २०२५ला आयोगानं गूगलचा २०.२४ कोटींचा समझोता मान्य केला. त्यानुसार भारतातल्या टीव्हींसाठी प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेसचा (ॲपना मागून लागणाऱ्या गूगलच्या सेवांचा) परवाना शुल्क भरून, बाकीच्या ॲपशिवाय सुटा मिळायचं ठरलं. फोनच्या अशाच प्रकरणात २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड झाला होता. मला त्या दंडापेक्षा हे सुटं मिळणं मोलाचं वाटतं. निर्मात्याला हात मोकळा मिळाला तरच कुणीतरी आईसारख्यांसाठी वेगळा सेट काढील.

तोवर माझे दोन स्टार, तेही पॅनलचे. घ्यायला जाल तेव्हा दुकानात सेट मुख्य स्विचपासून बंद करून पुन्हा लावायला सांगा आणि पहिल्यांदा काय दिसतं ते बघा. आणि रिमोट घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातात देऊन बघा.