ऑडिओमॉथ: नाव पतंगाचं, काम पक्ष्याचं

ऑडिओमॉथ म्हणजे रानातले आवाज आपोआप टिपणारं छोटं यंत्र. नावात ‘मॉथ’ (पतंग) असलं तरी पतंग मोजायला त्याचा काडीचा उपयोग नाही. ऑस्ट्रेलियातल्या दोन संकटग्रस्त जिवांचंच बघा: रीजंट हनीईटर हा गाणारा पक्षी आणि बोगोंग पतंग. पहिल्यासाठी कान लागतो, दुसऱ्यासाठी दिवा.

पक्ष्यासाठी ऑडिओमॉथ उत्तम. तळहातात मावणारी उघडी सर्किट पाटी, ३ डबल-ए सेल, एक मायक्रोएसडी कार्ड, बस्स. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) तासाला सुमारे ३४५ एमबी जागा जाते, ३२ ला २३०. गाण्यासाठी ३२ पुरे. रोज पहाटेचे २ तास धरले तर ३२ जीबीचं कार्ड दोन महिने सहज चालतं. घोळ होतो तो सेल बदलताना. घड्याळ पुसलं जातं, आणि वेळ पुन्हा भरल्याशिवाय ‘कस्टम’वर, म्हणजे बटण ठरवलेल्या वेळापत्रकावर ठेवलं असताना, रेकॉर्डिंग सुरूच होत नाही. झिपलॉक पिशवीत ठेवणार असाल तर माइकसमोरचं प्लास्टिक ताणून बसवा. सैल राहिलं की वाऱ्यात फडफडतं आणि फाइलभर तीच खरखर.

पण खरी मेख पक्ष्यातच आहे. शिकवायला जाणते नर उरले नाहीत, त्यामुळे जवळपास १२ टक्के नर दुसऱ्याच जातींची गाणी म्हणतात, असं २०२१ च्या अभ्यासात दिसलं. रेकॉर्डिंगमधून पक्षी ओळखणारं, जातीच्या मूळ गाण्यावर तयार केलेलं सॉफ्टवेअर अशा नराला सरळ गैरहजर धरतं. तेव्हा शंकास्पद फाइली माणसानेच ऐकायच्या.

बोगोंग २०२१ मध्येच आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून आला. त्याला बादली, नरसाळं, अतिनील दिवा आणि आत अंड्यांचे ट्रे असा साधा सापळा बरा. दिवा मध्येच बदलू नका, आकड्यांची तुलनाच संपते. पौर्णिमेच्या आसपास आकडा पडतो तो चांदण्यामुळे. सापळा उजाडण्याआधी उघडा, नाहीतर पक्षी आयत्या न्याहारीला हजर.

तरीही सापळ्याच्या आकड्यावर फार विसंबू नये. हा पतंग हजारेक किलोमीटर उडत ऑस्ट्रेलियन आल्प्सच्या डोंगरांत जातो. एका रात्रीचं शून्य म्हणजे कदाचित फक्त वारा फिरलेला. उन्हाळ्यात तो तिथल्या थंड गुहांच्या भिंतींवर कौलांसारखा एकावर एक चिकटून बसतो, दाट जागी चौरस मीटरला सुमारे १७,०००. थर किती जागेवर पसरलाय ते मोजा, हात न लावता, आणि दरवर्षी त्याच भिंतीचा, त्याच कोनातून फोटो घ्या.