व्हायोलिन उभ्यानं शिकावं की बैठकीत?

चाळिशीच्या आसपास व्हायोलिन हातात घेणाऱ्याला ग्वाल्हेरात दोन वाटा दिसतात. एक म्हणजे उभं राहून, वाद्य हनुवटीखाली धरून, नोटेशन वाचत शिकायची पाश्चात्त्य पद्धत. दुसरी म्हणजे मांडी घालून, वाद्याचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवून, राग-तालाच्या अंगानं जाणारी आपली पद्धत. मी आधी काही काळ पहिली शिकलो, आता दुसरी शिकतोय. ज्याचं अजून ठरत नाहीये त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी पहिलीचं श्रेय. गजाचा, म्हणजे तारांवरून ओढायच्या काठीचा, हात तिथे फार चांगला तयार होतो. उभं राहिल्यावर कोपर मोकळं असतं आणि गज मुठीपासून टोकापर्यंत एका रेषेत ओढता येतो. बैठकीत गजाचं शेवटचं टोक ओढताना माझा हात अजूनही आखडतो. शिवाय शिकवण्याला क्रम असतो. कोणतं बोट कधी, कोणती स्केल कधी, सगळं पुस्तकात छापलेलं. ऑफिसातून दमून आलेल्या माणसाला आज काय वाजवायचं हे ठरलेलं असणं हा मोठाच आधार असतो. ज्यांना वाद्यवृंदात बसून समोरचा कागद वाचत इतरांबरोबर वाजवायचंय, त्यांनी दुसरीकडे बघूच नये.

माझं अडलं ते मींडेपाशी. पंचमावरून गंधाराकडे एकच बोट न उचलता घसरवत आणायचं, एवढंच. वर चढताना काही अडचण येत नाही, कारण हात वाद्याला मानेकडेच ढकलत असतो. उतरताना मात्र बोट आणि अंगठा मिळून वाद्य बाहेर ओढतात. ते निसटू नये म्हणून हनुवटी आपोआप दाबली जाते, हनुवटीबरोबर खांदा वर चढतो, मग गज थरथरतो आणि ऐन मोक्याच्या जागी स्वर तुटतो. शोल्डर रेस्ट बदलून पाहिली, हनुवटीखालची वाटी बदलून पाहिली. सर म्हणायचे, सवयीनं जाईल. लहान वयात सुरू करणाऱ्यांचं जातही असेल. दिवसभर कॉम्प्युटरपुढे वाकलेल्या माझ्या मानेचं काही गेलं नाही.

याला त्या पद्धतीचा दोष म्हणणं बरोबर होणार नाही. तिकडच्या संगीताला क्षणोक्षणी अशा लांब मींडा लागत नाहीत, आणि खांद्यावर धरून राग उत्तम वाजवणारेही आहेत. पण मला वाजवायचे होते यमन, भीमपलास, आणि जमलंच तर घरात लहानपणापासून ऐकलेली नाट्यपदं. त्यांतून मींड वजा केली तर फार थोडं उरतं.

बैठकीत वाद्य दोन्ही टोकांना टेकलेलं असतं, एकीकडे घोट्यावर आणि दुसरीकडे डाव्या खांद्याखाली छातीशी. ते धरून ठेवायचं काम डाव्या हाताला नसतंच. पहिल्या काही बैठकींतच माझी प ते ग मींड अखंड आली. सुरात नव्हती, पण तुटली नाही. सूर नंतर घासून आणता येतो.

जुळवणीचाही फरक पडतो. पाश्चात्त्य जुळवणीच्या जी-डी-ए-ई या चार तारा तशाच ठेवून पेटीची पांढरी दोन, म्हणजे डी, हा सा धरला, तर त्या म-सा-प-रे अशा येतात. आमचे गुरुजी प-सा-प-सा लावतात. सर्वांत जाड तार एक स्वर वर आणि सर्वांत बारीक एक स्वर खाली. जाड तारेवर ताण नको असेल तर सगळीच जुळवणी खाली घ्यायची. प-सा-प-सा मुळे खालच्या जोडीवर बसलेली बोटं वरच्या जोडीवर तशीच चालतात. शिवाय पंचमाच्या तारेवर तिसऱ्या बोटानं सा नेमका लागला की शेजारची मोकळी सा ची तार आपणहून थरथरू लागते, अगदी डोळ्यांनी दिसते. फिंगरबोर्डवर चिकटपट्ट्या लावून बोटाची जागा शोधण्यापेक्षा मला हे फार आवडलं. जी-डी-ए-ई मध्येही असा प्रतिसाद मिळतो, पण तिथे तो मला एवढा ठळक जाणवला नाही.

बैठकीची अडचण म्हणजे गुडघे. अर्धा तास मांडी घालता येत नसेल तर पुढचं सगळं बोलणं व्यर्थ आहे. दुसरं असं की बरंचसं शिक्षण तोंडी असतं. गुरुजी गातात, आपण मागून वाजवायचं. घरी आल्यावर आठवलं तर आठवलं. पायऱ्या हव्याच असतील तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासूनच्या परीक्षा आहेत.

तरी गाण्यामागून वाजवणं हे आपल्या गावात परकं वाटत नाही. गजाननराव जोशी (1911–1987) ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेतलेले गवई, आणि तेवढेच मोठे व्हायोलिनवादक. व्हायोलिनवादक एन. राजम यांचे गुरू गायक ओंकारनाथ ठाकूर, आणि ओंकारनाथांचे गुरू विष्णु दिगंबर पलुसकर, म्हणजे पुन्हा हेच घराणं. ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहात थंडीत कुडकुडत ख्याल ऐकत मोठं झालेल्या माणसाचा कान आधीच अर्धा तयार असतो. बैठकीच्या पद्धतीत तो कान पहिल्या दिवसापासून कामी येतो.

तारा ताणायच्या खुंट्यांचा त्रास दोन्हीकडे सारखाच. मे महिन्यातल्या लूमध्ये, म्हणजे उष्ण वाऱ्यात, त्या सुटतात, पावसाळ्यात फुगून अडकतात. त्यावरून काही ठरवू नका.

वाद्य विकत घेण्याआधी एखाद्या शिकवणाऱ्याकडे जा आणि त्यांच्याच व्हायोलिनवर, आधी उभ्यानं आणि मग बसून, एक बोट सा पासून प पर्यंत सरकवून परत आणून बघा. परत येताना मान काय करते तेवढं पाहा. ती स्वस्थ राहिली तर उभ्यानं खुशाल शिका.