पोटदुखी की गाऱ्हाणं? मत देण्याआधी आपला राग तपासताना

बेळगावात मराठी परिपत्रक मागितलं की ऐकावं लागतं, "यांची पोटदुखी." गावात भावकीतल्या कुणाच्या कंत्राटाचा हिशेब विचारला, तरी हाच शब्द. राग दोन्हीकडं असतो, पण तो एकाच जातीचा नसतो.

मत्सराला माणूस लागतो, तोही जवळचा. अ‍ॅरिस्टॉटलने हे कधीच सांगून ठेवलंय: काळ, ठिकाण, वय यांनी जवळ असलेल्यांचाच माणूस मत्सर करतो. अंबानीचा बंगला आपल्याला सलत नाही, बांधाला बांध असलेल्या चुलतभावाचा नवा ट्रॅक्टर सलतो. गाऱ्हाण्याला मात्र नियम लागतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी घटनेत 350अ कलम आहे. ते पाळा म्हणण्यात कुणाचं काही हिसकावणं नाही.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचं उदाहरण घ्या. आमच्याकडं घरच्या कर्त्या बाईला महिन्याला 2000 रुपये आणि सरकारी बस फुकट. पलीकडं महाराष्ट्रातल्या शिनोळीत लाडक्या बहिणीला 1500 आणि एसटीचं अर्धं तिकीट. (आम्ही महाराष्ट्रात जायला निघालोय आणि तिकडच्या बायका आमच्याकडं बघतायत, हीही गंमतच.) "आम्हालाही 2000 द्या" हे गाऱ्हाणं. "त्यांचे बंद करा" हा मत्सर.

हा फरक नुसता बोलण्यापुरता नाही. 2017 साली भारतासह चार देशांतल्या लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. श्रीमंतांवर जास्त कर, पण त्यामुळं गरिबांच्या हाती कमी पैसे, असा पर्याय भारत, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या 14 ते 18 टक्के लोकांनी पसंत केला. आपलं नाक कापून शेजाऱ्याला अपशकुन, तोही गरिबाच्या नाकावर! ही निवड कोण करणार, याचा अंदाज मत्सरावरूनच लागत होता. पण नाण्याची दुसरी बाजूही त्याच अभ्यासात आहे: श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना द्यावं या मताला कणव आणि स्वार्थ यांचाही आधार होता. म्हणून गरिबाच्या बाजूनं बोलणाऱ्या प्रत्येकाला जळकुटा ठरवणारा स्वतःची सोय बघतोय, असं माझं मत.

मग कुठला राग घेऊन मतदानाला जायचं? इंग्रज समाजशास्त्रज्ञ रन्सिमन यांनी 1966 मध्ये मागं पडल्याच्या भावनेचे 'मी मागं पडलो' आणि 'आम्ही मागं पडलो' असे दोन भाग केले. चळवळ उभी राहते ती दुसऱ्यावर. आमच्याकडं मोर्चा 'आम्ही'चा निघतो, आणि उमेदवारी ठरायची वेळ आली की 'मी' जागा होतो. सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे 2013 ला दोन आमदार होते, 2018 आणि 2023 ला एकही नाही. पराभवाला कारणं बरीच असतील. पण बंडखोराच्या सभेत बसलो, तेव्हा सीमाप्रश्नापेक्षा "त्यालाच का?" हेच जास्त ऐकलं. टाळ्याही त्याच वाक्याला पडल्या, आणि एक माझीही होती.