काळ्या मेंदीच्या नावाखाली झालेली फसवणूक

काळ्या रंगाची मेंदी निसर्गात नसते. मेंदीच्या पानांत लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. ते त्वचेच्या वरच्या थरातील केराटिन या प्रथिनाशी जोडले जाते आणि आधी नारिंगी, मग एकदोन दिवसांत गडद होत जाणारा तांबूस-तपकिरी रंग देते. त्या पानांतून काळाभोर रंग निघतच नाही. हे मी सुरुवातीलाच लिहीत आहे, कारण ‘शंभर टक्के नैसर्गिक काळी मेंदी’ अशी पाटी लावून आजही अनेक ठिकाणी टॅटू काढले जातात, आणि ती पाटी वाचून विश्वास ठेवणाऱ्या माणसाला पुढे काय भोगावे लागू शकते हे मी माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत जवळून पाहिले आहे.

तिच्या वाढदिवसाची भेट म्हणून आम्ही दोघींनी मेंदीचा टॅटू काढून घ्यायचे ठरवले होते. दंडावर वेलीची नक्षी असावी ही तिची बरीच जुनी हौस होती. मात्र सुईने गोंदलेले, जन्मभर न जाणारे चित्र तिला नको होते. दोनतीन आठवड्यांत आपोआप फिकट होणारी मेंदी हा त्यावरचा सगळ्यांत निर्धोक पर्याय वाटला. मेंदीचे काम करणाऱ्या बाईंकडे नमुन्यांची जाड वही होती आणि तिच्यातली सगळी छायाचित्रे काळ्याभोर, रेखीव नक्ष्यांची होती. मैत्रिणीने वेल निवडली, मी घोट्यावर काढण्यासाठी एक लहान फूल निवडले.

काम सुरू होण्याआधी मी स्पष्टपणे विचारले, “यात नेमके काय काय आहे?” उत्तर तयारच होते. “ताई, पूर्ण हर्बल आहे. मेंदी, नीलगिरीचे तेल आणि थोडे लिंबू. लहान मुलांनासुद्धा काढतो आम्ही.” रंग इतका काळा कसा, या प्रश्नावर ‘ही खास पानांची मेंदी आहे’ असे सांगण्यात आले. माझी शंका पूर्ण फिटलेली नाही हे पाहून बाईंनी स्वतःहून चाचणी करून दाखवली. मैत्रिणीच्या मनगटावर कोनाने एक ठिपका ठेवला, काही मिनिटांनी तो कापसाने पुसला आणि म्हणाल्या, “बघा, खाज आली का? लाल झाले का? मग आता निर्धास्त राहा.”

या चाचणीविषयी मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण संपूर्ण फसवणुकीतला सर्वांत परिणामकारक भाग तोच होता. अशा काळ्या रंगात मिसळलेल्या रसायनाची ॲलर्जी बहुधा विलंबाने दिसणाऱ्या प्रकारची असते. शरीराचा त्या रसायनाशी पहिल्यांदाच संबंध येत असेल तर प्रतिक्रिया उमटायला साधारण एक ते दोन आठवडे लागू शकतात, आणि शरीर आधीच संवेदनशील झालेले असेल तरीही एक ते तीन दिवस जातात. त्यामुळे काही मिनिटांत पुसलेल्या ठिपक्यावरून काहीही सिद्ध होत नाही. त्या ठिपक्याने एकच गोष्ट साधली, ती म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या ग्राहकाचे तोंड बंद करणे. आणि तेही आपुलकीचा, काळजीचा आव आणून. सरळ खोटे बोलण्यापेक्षा मला हा प्रकार जास्त गंभीर वाटतो.

कोनातला लगदा शाईसारखा काळा आणि चकचकीत होता. भिजवलेल्या मेंदीला ओल्या पाल्याचा जो वास असतो, तो त्याला अजिबात नव्हता. अर्ध्या तासात तो वाळला, बाईंनी तो खरवडून काढला, आणि खालची वेल त्याच क्षणी पूर्ण काळी उमटलेली होती. खऱ्या मेंदीचे असे कधीच होत नाही. तिचा लगदा हिरवट किंवा तपकिरी असतो, तो कित्येक तास त्वचेवर ठेवावा लागतो, आणि काढल्यावर आधी फिकट नारिंगी रंग दिसतो. शिवाय मेंदी सर्वांत गडद रंगते ती तळहात आणि तळपायांवर, कारण तिथे त्वचेचा वरचा मृत थर जाड असतो. दंडावर तो पातळ असल्यामुळे तिथला रंग नेहमीच फिकट राहतो. म्हणजे दंडावर अर्ध्या तासात चढलेला काळा रंग हाच त्या मालाच्या बनावटपणाचा पुरावा होता, आणि गिऱ्हाइकाला तोच उत्तम मालाची खूण म्हणून दाखवला जात होता.

सुरुवातीचे काही दिवस काहीच झाले नाही. नक्षी सगळ्यांना आवडली, तिची छायाचित्रे काढून झाली. त्यानंतर एके रात्री मैत्रिणीच्या दंडाला खाज सुटली, सकाळपर्यंत वेलीच्या रेषा लाल होऊन फुगल्या, आणि पुढे त्यांवर बारीक फोड येऊन लस वाहू लागली. सूज इतकी तंतोतंत नक्षीबरहुकूम होती, की डोळे मिटून बोट फिरवले तरी प्रत्येक पान आणि प्रत्येक वळण हाताला लागत होते. मनगटावर जिथे चाचणीचा ठिपका ठेवला होता, तिथेही वाटाण्याएवढा लाल फुगवटा आला होता.

त्वचारोगतज्ज्ञांनी दंड पाहताक्षणी ‘काळी मेंदी काढली होती का?’ असे विचारले. मेंदीच्या नावाखाली जे वापरले जाते, त्यात बहुतेक वेळा पॅराफेनिलीनडायअमीन, थोडक्यात पीपीडी, हे रसायन असते असे त्यांनी समजावून सांगितले. केसांच्या काळ्या कलपात हेच रसायन असते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार कलपात, तो केसांना लावण्याच्या वेळी, याचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि त्वचेवर चित्र काढण्यासाठी तर ते वापरण्याची परवानगीच नाही. अमेरिकेतही त्वचेवर थेट लावायच्या प्रसाधनांत त्याला मुभा नाही. काळ्या टॅटूच्या तपासलेल्या नमुन्यांत मात्र या २ टक्क्यांच्या कितीतरी पट प्रमाण आढळलेले आहे, आणि कलपाप्रमाणे ते लवकर धुऊन न टाकता त्वचेवर वाळेपर्यंत ठेवले जाते. अमेरिकेच्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००६ साली पीपीडीला ‘वर्षातील ॲलर्जीकारक पदार्थ’ म्हणून निवडले होते, ते लोकांचे आणि डॉक्टरांचे या धोक्याकडे लक्ष वेधण्यासाठीच.

हा धोका नव्याने कळलेला आहे असेही नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत लॅश ल्यूर नावाचा पापण्यांचा रंग विकला जात होता. त्यातही याच कुळातले रसायन होते आणि त्यामुळे स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाल्या, दृष्टी गेली. प्रसाधनांना सरकारी नियंत्रणाखाली आणणारा १९३८ चा अमेरिकेचा कायदा ज्या घटनांमुळे झाला, त्यांत या रंगाचे प्रकरणही होते. कलपाच्या खोक्यावर ‘वापरण्याच्या ४८ तास आधी त्वचेवर चाचणी करा, पापण्या व भुवयांना लावू नका’ अशा सूचना छापलेल्या असतात, त्यामागे हा सगळा इतिहास आहे. टॅटू काढून घेणाऱ्याला मात्र ते खोके कधी दिसत नाही. त्याच्यासमोर येतो तो फक्त नाव, घटक आणि तारीख यांपैकी काहीही न लिहिलेला प्लास्टिकचा कोन.

बरे झाल्यावर डॉक्टरांनी मैत्रिणीची पॅच टेस्ट केली. पाठीवर चिकटपट्टीखाली अत्यल्प प्रमाणात रसायने लावून ती दोन दिवस ठेवतात, मग काढून त्या वेळी आणि पुढे पुन्हा एकदा पाहतात. खरी चाचणी इतका वेळ घेते. पीपीडीच्या जागी त्वचा लाल होऊन फुगली होती. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. तिला यापुढे बाजारातला काळा कलप लावता येणार नाही, कारण पुढची प्रतिक्रिया टाळूपुरती न राहता चेहरा आणि डोळे सुजवणारी असू शकते. बधिर करण्यासाठी वापरले जाणारे बेंझोकेन, काही सल्फा औषधे, कापडाचे काही गडद रंग, काळ्या रबरातली काही रसायने यांचीही रचना मिळतीजुळती असल्यामुळे त्यांचाही त्रास होण्याची शक्यता असते. म्हणून नवीन औषध घेताना, दंतवैद्याकडे जाताना तिला हे आवर्जून सांगावे लागते. वाढदिवसाच्या एका दुपारी हौसेने काढून घेतलेल्या नक्षीपायी तिला हे आयुष्यभर सांभाळायचे आहे, आणि तिचा विचार करताना मला सर्वांत जास्त राग याच गोष्टीचा येतो. पैसे गेले, त्याचे मला काही वाटत नाही.

आम्ही तक्रार घेऊन परत गेलो, तेव्हा ‘तुमची त्वचाच नाजूक आहे, बाकी कोणाला काही झालेले नाही’ असे उत्तर मिळाले. पावती दिलेली नव्हती. कोन दाखवण्यास नकार देण्यात आला. रागापेक्षा मला तेव्हा एक गोष्ट स्वच्छ दिसली, की हा धंदा चालतो तो शरीराच्या विलंबाने मिळणाऱ्या प्रतिसादाच्या आधारावर. पैसे देताना गिऱ्हाईक खूश असते, वहीत लावायला सुंदर छायाचित्र मिळालेले असते, आणि फोड येतात तेव्हा जत्रेतला, किनाऱ्यावरचा किंवा सहलीच्या ठिकाणचा विक्रेता बहुधा पुढच्या गावी पोहोचलेला असतो. अनेकांना तर खाजेचा आणि टॅटूचा संबंधच लागत नाही. ‘बाकी कोणाला काही झाले नाही’ हे वाक्य म्हणूनच इतक्या सहज बोलता येते.

तेव्हा कोणी अर्ध्या तासात काळी होणारी मेंदी देऊ केली, तर ती नाकारा, मग ती ‘हर्बल’ असो, ‘विशेष’ असो किंवा परदेशातून आणलेली असो. मळलेली मेंदी पाहायला मागा, वास घ्या, पुडीवरचे घटक वाचा. दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून निघा. जागुआ नावाच्या फळाच्या रसाने निळसर-काळा रंग मिळतो हे खरे आहे, परंतु तोही लगेच काळा दिसत नाही, हळूहळू गडद होतो, आणि त्याचीही काहींना ॲलर्जी होते. शिवाय त्याचे नाव सांगून दुसरेच काही लावले जाणार नाही याची खात्री केवळ बोलण्यावरून होत नाही. केसांसाठी ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांवरही बारीक अक्षरांत पीपीडी लिहिलेले अनेकदा सापडते. मुलांच्या हातावर काळी मेंदी कोणालाही काढू देऊ नका, कारण लहानपणी जडलेली ही ॲलर्जी मोठेपणी पहिल्यांदा कलप लावल्यावर अचानक उघडकीस येऊ शकते.

ज्यांनी अशी नक्षी आधीच काढून घेतली असेल, त्यांनी ती जागा साबण-पाण्याने हलकेच धुवावी, घासू नये, आणि पुढचे दोनतीन आठवडे तिच्यावर लक्ष ठेवावे. खाज सुटली, रेषा फुगल्या तर घरगुती लेप न लावता, फोड न फोडता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. नक्षीची, विक्रेत्याच्या पाटीची आणि त्रासाची छायाचित्रे जपून ठेवावीत, कारण ग्राहक तक्रारीसाठी किंवा प्रशासनाला कळवण्यासाठी पावती नसताना हाच आधार उरतो. मैत्रिणीच्या दंडावरचे फोड स्टेरॉइडच्या मलमाने बसले, पण वेलीच्या आकाराचा फिकट चट्टा अजून दिसतो. असे चट्टे जायला अनेक महिने लागतात आणि काहींच्या बाबतीत व्रण कायमचा राहतो. माझ्या घोट्यावरचे फूल कोणताही त्रास न देता पुसले गेले. तरीसुद्धा कलप लावायचा झाल्यास आधी पॅच टेस्ट करून घ्या, असे डॉक्टरांनी मलाही बजावले आहे, कारण पहिल्या वेळी काहीच न दिसता शरीर आतून संवेदनशील झालेले असू शकते.