आधी आराखडा की आधी खर्डा? फँटसी कादंबरी लिहायला बसणाऱ्यांसाठी

कथा मनात घोळतेय, नकाशा काढून झालाय, राजघराण्यांची नावंही ठरलीत. आता सगळी प्रकरणं आखून घ्यायची, की सरळ पहिलं पान लिहायला घ्यायचं? 'गेम ऑफ थ्रोन्स'चे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन या दोन प्रकारच्या लेखकांना वास्तुविशारद आणि माळी म्हणतात. बहुतेक जण मधेच कुठेतरी असतात. पण तुमचा कल कुठे आहे, त्यावर पुढचं पुनर्लेखन कसं होणार हे ठरतं. म्हणून निवड करताना पहिल्या खर्ड्यापेक्षा दुसऱ्याचा विचार जास्त करावा, असं मला वाटतं.

आखून लिहिण्याचं ठळक उदाहरण जे. के. रोलिंग यांचं. हॅरी पॉटर १९९० साली सुचला, पहिलं पुस्तक आलं १९९७ साली, आणि मधल्या काळात सात भागांची मांडणी आकाराला आली. पाचव्या भागासाठी त्यांनी हाताने केलेला तक्ता तर प्रसिद्धच आहे. त्यात प्रत्येक प्रकरणाला एक ओळ आहे, आणि पुढच्या रकान्यांत महिना, मुख्य कथानक, भविष्यवाणी आणि बाकीची उपकथानकं. रहस्य दडवायचं असेल, चार धागे एकाच वेळी पुढे न्यायचे असतील, तर असा तक्ता हवाच.

टॉल्किन यांची वाट वेगळी होती. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' त्यांनी १९३७ च्या डिसेंबरात सुरू केलं आणि पूर्ण व्हायला जवळपास बारा वर्षं लागली. त्यात एका खाणावळीत भेटणारा गूढ वाटाड्या सुरुवातीच्या खर्ड्यांत ट्रॉटर नावाचा, लाकडी बूट घालणारा हॉबिट, म्हणजे टॉल्किन यांच्या जगातल्या बुटक्या लोकांपैकी एक, होता. हा कोण, हे लेखकालाच ठाऊक नव्हतं. शोधता शोधता त्याचा राजा झाला. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण असं पात्र रकान्यात भरून मिळत नाही. मात्र त्यापायी टॉल्किन यांना सुरुवातीची प्रकरणं पुन्हा पुन्हा लिहावी लागली.

आता दुसरा खर्डा. न आखता लिहिलेल्या मजकुरातले दोष डोळ्यांना दिसतात: तिसऱ्या प्रकरणात मंत्र म्हणताना रक्त सांडावं लागतं, विसाव्यात फुकट काम होतं, मधली शंभर पानं नुसती भटकंती. यावर उपाय आहे. लिहून झाल्यावर प्रत्येक प्रकरणात काय बदललं ते एका ओळीत मांडा. ज्या प्रकरणाची ओळ लिहिता येत नाही, ते काढा किंवा शेजारच्यात मिसळा. जादूचे नियम आणि त्यांची किंमत याच टप्प्यावर पक्की करा, मग मागे जाऊन पेरा. काम कष्टाचं आहे, पण काय करायचं ते कळतं.

आखीव खर्ड्याचा दोष लपलेला असतो. सगळं जुळतं, तरी पात्रं कथानकाच्या हुकमावर चालतात. नायिका किल्ल्यात शिरते, कारण पुढच्या प्रकरणात ती तिथे हवी असते. इथे वाक्यं घासून उपयोग नाही. ती खरोखर काय करेल, हे विचारून प्रसंग नव्याने लिहावा लागतो, आणि उत्तर वेगळं आलं तर आराखडा मोडावा लागतो. तेवढी तयारी नसेल, तर आराखड्याच्या वाटेला जाऊ नका.

एकच स्वतंत्र कादंबरी असेल तर मी खर्ड्याच्या बाजूने आहे. मालिका असेल तर मात्र पारडं फिरतं, कारण छापलेला खंड सहसा बदलता येत नाही. टॉल्किन यांनी आधीच्या 'द हॉबिट'मधलं गॉलम या पात्राचं प्रकरण १९५१ च्या आवृत्तीत पालटलं, त्यातल्या जादूच्या अंगठीचा स्वभाव 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'शी जुळावा म्हणून; पण अशी संधी क्वचितच मिळते. मार्टिन यांनी 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या मालिकेचे १९९३ साली तीन खंड योजले होते. त्यांचे सात ठरले आणि पाचवा आला २०११ साली. मालिकेत निदान शेवट, जादूची मर्यादा आणि मोठ्या पात्रांची गुपितं आधी ठरलेली असावीत.

अजूनही ठरत नसेल, तर तुमच्या कथेत जादू पहिल्यांदा फसते तो प्रसंग काहीही न आखता लिहा. अडलात की हात कुठे जातो ते पाहा. टिपणवहीकडे गेला, तर आधी आराखडा करा. पुढच्या वाक्याकडे गेला, तर लिहीत राहा आणि नियमांची वही दुसऱ्या खर्ड्यापर्यंत उघडू नका.