निकॉन झेड 14-30 एफ/4, हिवाळ्यातल्या स्पितीत वापरून

हिवाळ्यात हिमाचलमधल्या स्पितीला जायचं तर वाइड लेन्स कुठली घ्यावी असं बरेच जण विचारतात, मी निकॉनची झेड 14-30 एफ/4 नेली होती आणि तिच्यावर जाम खूश आहे, पण बहुतेक लोक ज्यासाठी ती घेतात त्यासाठी नाही. अख्खा डोंगर फ्रेममध्ये बसवायला म्हणून 14 एमएमवर, म्हणजे लेन्सच्या सगळ्यात रुंद टोकाला गेलात तर चाऊ चाऊ कांग निल्डासारखं 6,300 मीटरचं शिखरसुद्धा टेकाड दिसतं, वर नुसतं आभाळ आणि खाली नुसतं पांढरं. ही लेन्स घ्यायची ती तुमच्या पायाशी जे आहे त्यासाठी.

स्पितीतल्या लांगझा गावात वाऱ्याने बर्फावर लाटा उठतात, तिरप्या उन्हात त्यांच्या सावल्या निळसर पडतात, तिथे ट्रायपॉड गुडघ्याच्या खाली आणून एक लाट अगदी जवळ घ्या, ही लेन्स 28 सेंटिमीटरपर्यंत फोकस करते. 14 एमएम, अ‍ॅपर्चर एफ/11 आणि फोकस दोन फुटांवर, म्हणजे साधारण एका फुटापासून थेट शिखरापर्यंत शार्प. मी तीन फुटांवर ठेवतो कारण शिखर जरासुद्धा मऊ आलेलं मला चालत नाही. आणि हो, फ्रेम ठरेपर्यंत पुढे पाऊल टाकू नका, आधी मोबाईलवर अँगल बघून घ्या, कोऱ्या बर्फावर एकदा बुटांचे ठसे उमटले की तो फोरग्राउंड गेलाच.

कॅमेऱ्याच्या उंचीचं मात्र नीट समजून घ्या. कॅमेरा खाली नेला की मधलं सपाट मैदान आक्रसतं, तिथे काहीच नसेल तर उत्तम, पण मध्ये अर्धवट गोठलेल्या नदीचं वळण असेल तर उलट कॅमेरा वर न्यायचा, नाहीतर ते वळण एका रेघेएवढं उरतं. लांगझाच्या बुद्धमूर्तीचं पण तसंच, उभं राहून काढलं तर डोकं मागच्या डोंगरात मिसळतं, खाली बसलं की ते डोंगराच्या धारेच्या वर आभाळात सुटं दिसतं.

क्षितिजाबद्दल, डोंगरात खरं क्षितिज दिसतच नाही, दरीचा उतार डोळ्याला फसवतो आणि आपण कॅमेरा त्या उताराला समांतर धरतो, म्हणून व्हर्च्युअल होरायझन (कॅमेरा सरळ आहे का ते स्क्रीनवर दाखवणारी रेघ) कायम चालू ठेवा. धार बरोबर मध्ये ठेवली तर शिखर बसकं दिसतं. कॅमेरा थोडा खाली झुकवून शिखर वरच्या कडेजवळ नेलं तर वाइड लेन्सच्या ताणामुळे ते उंच होतं आणि पुढचा बर्फही भरीव येतो, मला तर ही या लेन्सची सगळ्यात मोठी गंमत वाटते. ‘की गोंपा’ या बौद्ध मठाच्या भिंती फ्रेममध्ये असतील तेव्हा मात्र हे नको, भिंती कलतात, तिथे कॅमेरा सरळ ठेवून 24 वर जा. खरं सांगायचं तर माझ्या आवडीचे बरेच फोटो 20 ते 26 च्या मधलेच आहेत.

फिल्टरबद्दल थोडं. समोर साधा 82 एमएमचा फिल्टर बसतो, 14 एमएमच्या झूमला ही फार मोठी सोय आहे, निकॉनच्या जुन्या डीएसएलआरसाठीची (एफ माउंट) 14-24 एफ/2.8 जवळपास किलोभर आणि पुढे फुगीर काच, ही 485 ग्रॅमची. पण पोलरायझर (आभाळ गडद करणारा फिल्टर) 14 वर लावू नका, त्या उंचीवरचं आभाळ आधीच गडद निळं असतं, त्यात मध्येच काळपट डाग येतो. ग्रॅज्युएटेड फिल्टरचंही (वरचा भाग गडद, खालचा पारदर्शक) तसंच, धार सरळ रेषेत नसते, शिखराचा शेंडा काळवंडतो, त्यापेक्षा कमी-जास्त एक्स्पोजरचे दोन-तीन फोटो घेऊन नंतर जोडा. बर्फासाठी एक्स्पोजर एक स्टॉप प्लस, म्हणजे दुप्पट उजेडाचं ठेवा नाहीतर तो राखाडी येतो.

रात्री होमस्टेत तंदूर, म्हणजे खोली तापवायची शेगडी, पेटलेला असतो, त्या खोलीत शिरायच्या आधी लेन्स बाहेरच बॅगेत बंद करा आणि तास-दोन तास उघडू नका, काचेवर दव धरतं. तुमच्याकडे 24-70 असेल आणि वाकून, बसून, बर्फात लोळून फोटो काढायची तयारी नसेल तर तीच न्या, ही घेण्यात अर्थ नाही.